न झिजणारा नमुना

१

दयानंद हुक्केरी यांचा दिवस तळहातांपासून सुरू होई. जाग आली की अंथरुणात बसूनच दोन्ही हात उघडायचे, त्यांच्याकडे पाहून नमस्कार करायचा आणि मगच पाय जमिनीला लावायचा. चिक्कोडीकडच्या त्यांच्या घराण्यात हा नेम होता. बंगळुरात येऊन एकतीस वर्षे झाली तरी त्यात खंड पडला नव्हता. आंघोळीनंतर जप. माळ ते वापरत नसत; अंगठ्याने बोटांची पेरे मोजत एकशे आठ. पेरांवरच्या रेषा अंगठ्याला लागतात, म्हणून डोळे मिटलेले असले तरी आकडा चुकत नाही. मोजदादीची सोय देवाने माणसाच्या हातातच करून ठेवली आहे, असे ते मुलीला लहानपणी सांगत.

पूजा झाली की तीर्थ. पहिली पळी पत्नी वीणाबाईंच्या तळहातावर, दुसरी आर्याच्या. उजव्या हाताची वाटी करायची, डोळे मिटायचे, तीर्थ ओठांना लावायचे आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा. आर्या चोवीस वर्षांची होती. एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीसाठी ती पडद्यावरची चित्रे आखण्याचे काम करी, आणि आठवड्यातले चार दिवस ते घरूनच करी. कामाचा रेटा कितीही असो, तीर्थ तिने कधी चुकवले नव्हते.

साडेसातच्या बसने दयानंद होसकोट्याला जात. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात संगणकाचे माऊस आणि कीबोर्ड तयार होत. ते किती टिकतील हे पाहण्याची खोली दयानंदांच्या ताब्यात होती. खोलीत सहा घासणी यंत्रे होती. प्रत्येकाला एक लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला बोटाएवढे रबर. नमुना खाली चिमट्यात धरायचा, त्यावर मीठ आणि आम्ल मिसळून केलेल्या कृत्रिम घामाचा थेंब सोडायचा आणि ते रबरी बोट त्याच्यावरून पन्नास हजार वेळा फिरवायचे. खर्र, खर्र. दिवसभर तो आवाज चाले. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी नकोसा होई. दयानंदांना तो थांबला तरच ऐकू येई.

माऊसवरचा मखमली लेप ही फसवी गोष्ट असते. नवा असताना तो हाताला सुखावतो. वर्ष-दीड वर्षात अंगठ्याखाली चकाकू लागतो. चकाकी ही झिजीची पहिली खूण. मग तो चिकट होतो, मळ धरतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. कीबोर्डवरच्या अक्षरांचेही तेच. ज्याच्यावर बोट जास्त पडते ते आधी पुसले जाते. दयानंदांना यात काही वाईट दिसत नसे. दोन वस्तू एकमेकींना घासल्या की कोणाला तरी झिजावे लागते. माणसाऐवजी वस्तूने झिजावे, हाच वस्तूचा धर्म, असे ते मानत.

२

चव्वेचाळीस क्रमांकाचा नमुना आषाढात आला. करड्या रंगाचा, साधा माऊस. लेप मात्र नव्या तऱ्हेचा होता.

पन्नास हजार फेऱ्या झाल्यावर दयानंदांनी ग्लॉस मीटर लावला. चकाकी मोजणारे हे उपकरण साबणाच्या वडीएवढे असते. पृष्ठभागावर टेकवले की आकडा दाखवते. नव्या लेपाचा आकडा तीनच्या आसपास असतो आणि विसाच्या वर गेला की नमुना बाद. चव्वेचाळीसचा आकडा सुरुवातीला तीन पूर्णांक दोन होता. पन्नास हजारांनंतर तीन पूर्णांक दोन. लाखानंतर तोच. दोन लाखांनंतरही तोच. दयानंदांना त्या दिवशी झालेला आनंद निर्मळ होता. इतक्या वर्षांत न झिजणारी वस्तू त्यांनी पाहिली नव्हती.

यंत्रानंतर हात-चाचणी करावी लागे. बारा माणसांनी तो माऊस नव्वद दिवस वापरायचा, मग निकाल एका तक्त्यात भरायचा. तक्ता दयानंदांनीच वीस वर्षांपूर्वी आखलेला होता. पण माल आठवड्यात निघायचा होता. नंदकिशोर, दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेला तरुण व्यवस्थापक, खोलीत येऊन उभा राहिला. त्याने घाई केली नाही, आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "काका, मशीनवर दोन लाख स्ट्रोक झालेत. माणसाचा हात त्याला अजून काय करणार आहे?"

प्रश्न दयानंदांना रास्त वाटला. त्यांनी तक्ता पुढे ओढला. माणसे बारा. दिवस नव्वद. नमुन्यात बदल: नाही. वापरणाऱ्यांची तक्रार: नाही. खाली सही केली.

कोणी दरडावले नव्हते. कोणी लालूच दाखवली नव्हती. दयानंदांना खात्री होती, आणि तेवढ्यावर त्यांनी न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहिली. माणूस खोटे बोलतो ते बहुधा भीतीने किंवा हावेने. खात्रीने बोललेले खोटे मात्र त्याला खोटे वाटतच नाही, आणि म्हणून ते अधिक खोल जाते.

३

दुसऱ्या दिवशी जपाला बसल्यावर ती सही डोळ्यांपुढे आली. तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी त्यांनी मनाशी तोड काढली. लिहिले ते घडलेले नाही. तर आता ते घडवावे. नव्वद दिवस वापर होऊ द्यावा, रोज तपासावा, म्हणजे लिहिलेले उशिरा का होईना खरे ठरेल. निदान एका हातापुरते, दोन हातांपुरते. हेच प्रायश्चित्त.

एक माऊस त्यांनी खोलीतल्या आपल्या टेबलावर ठेवला. दुसरा घरी आणला. त्यांच्या स्वतःच्या घरी संगणकाचे काम एकच माणूस करी.

"तुझा जुना काढून ठेव," त्यांनी आर्याला सांगितले. "नव्वद दिवस हाच वापरायचा. मधे बदलायचा नाही."

आर्याने माऊस तळहातावर घेऊन पाहिला. "अप्पा, मला पगार देणार का तुमची कंपनी?" ती हसली. मग हात त्याच्यावर ठेवून म्हणाली, "छान आहे हो. हातात हात दिल्यासारखा वाटतो."

वीणाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सरी, बरं, आता ह्याचीही पूजा मांडा."

रोज संध्याकाळी घरी आल्यावर दयानंद भिंग घेऊन माऊस तपासत. बाराव्या दिवशी त्यांना एक गोष्ट जाणवली. माऊस मळला नव्हता. आर्या जेवता जेवता काम करी. तिच्या जुन्या माऊसच्या फटींत करडी घाण साचलेली होती. यावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. त्यांनी स्वतःचा अंगठा दाबून पाहिला. उचलल्यावर खाली काहीच उमटले नाही. त्यांनी टिपणवहीत लिहिले: मळ धरत नाही, उत्तम.

उत्तम हा शब्द पुढे त्यांनी पुष्कळदा वाचला.

४

सव्विसाव्या दिवशी कारखान्याच्या दारातल्या हजेरीच्या यंत्राने दयानंदांचे बोट घेतले नाही. दोनदा, तीनदा ठेवले. लाल दिवा. मागे रांग लागली, तेव्हा पहारेकऱ्याने वहीत नाव लिहून घेतले. दयानंदांना आश्चर्य वाटले नाही. तीस वर्षे त्यांचे हात स्पिरिटमध्ये बुडत आले होते. चुन्याचे काम करणाऱ्यांची, भांडी घासणाऱ्यांची बोटे अशी पुसट होतातच.

चौतिसाव्या दिवशी सकाळी आर्या फोन दाखवत म्हणाली, "अप्पा, माझाच फोन मला ओळखेना." अंगठा लावला तरी तो उघडत नव्हता. तिने आकडे दाबून उघडला आणि विषय तिथेच संपला. तिने स्पिरिटमध्ये कधी बोट बुडवले नव्हते, हे दयानंदांच्या लक्षात आले. पण बस चुकेल म्हणून ते निघाले.

त्याच आठवड्यात जपात आकडा चुकला. अंगठा पेरावरून पुढे सरकला आणि कुठे थांबायचे ते त्याला कळेना. त्यांनी डोळे उघडून बोटे पाहिली. रेषा होत्या, फक्त लागत नव्हत्या. वय झाले, त्यांनी स्वतःला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडे ठेवून जप केला. ते त्यांनी आयुष्यात प्रथमच केले.

रविवारी सकाळी देवासाठी जाईचा गजरा आर्या गुंफी. त्या रविवारी तिच्या हातून कळ्या निसटत होत्या. दोऱ्याची गाठ पडायच्या आत घरंगळत. वीणाबाईंनी तिला बाजूला केले, तिचा हात आपल्या हातात घेतला, आणि कौतुकाने म्हणाल्या, "अहो, बघा तरी. बारशाच्या वेळी होता तसा हात झालाय हिचा. मऊ."

दयानंदांनी हात पाहिला. लहानपणी नारळ खवताना विळीवर कापून आर्याच्या अंगठ्याखाली चंद्रकोरीसारखा व्रण राहिला होता. ते तो शोधत राहिले.

"कुठला व्रण, अप्पा?" आर्या म्हणाली. "गेला असेल. किती वर्षं झाली."

व्रण महिन्यापूर्वी होता. तीर्थ देताना रोज त्यांच्या नजरेला पडे. होता ना, असे त्यांनी स्वतःला विचारले; आणि ठाम उत्तर आले नाही.

५

सत्तेचाळिसाव्या दिवशी दयानंद खोलीत पोहोचले तेव्हा यंत्रे बंद होती. मानसिंग यंत्रांची देखभाल करी. बिदरकडचा माणूस, पन्नाशीचा, दयानंदांइतकाच जुना. चव्वेचाळीसच्या यंत्राजवळ बसून तो दांड्याचे रबर बदलत होता. काढलेले रबर त्याने पत्र्याच्या डब्यात टाकले. डबा भरलेला होता.

दयानंदांनी त्यातले एक उचलले. बोटाएवढे रबर नखाएवढे उरले होते. टोक गोल झाले होते आणि चकाकत होते.

"हे कधीचं?"

"कालचं, अण्णा. आधी आठवड्याला एक लागायचं. ह्या यंत्राला दिवसाला दोन लागतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

मानसिंगने त्यांच्याकडे पाहिले. त्याच्या आवाजात उलट उत्तराचा सूर नव्हता. "तुमच्या तक्त्यात रकाना कुठं आहे त्याचा? नमुना कसा आहे, विचारता. बोट कसं आहे, कुणी विचारलं नाही."

दयानंदांनी यंत्राखालचे तबक ओढले. रबर झिजले की काळी पूड तबकात पडते. रोज संध्याकाळी ती झाडून टाकावी लागते. तबक स्वच्छ होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवले.

"पूड?"

"पूड नसतेच हो ह्याला. पहिल्यापासून नाही. झाडणारीचं काम स्वल्प कमी झालं बघा," मानसिंग म्हणाला. मग त्याचे हसू थांबले, कारण दयानंद आपल्या टेबलापाशी खुर्चीत बसले होते.

एवढे रबर झिजले होते. डबाभर. मग ते गेले कुठे? हवेत उडाले म्हणावे तर खोलीच्या खिडक्या बंद असत. लेपाने धरून ठेवले म्हणावे तर नमुन्याचे वजन वाढले असते. त्यांनी नमुना तराजूत ठेवला. वजन पहिल्या दिवशी होते तेवढेच भरले. तर्काने जाता येईल तिथवर ते गेले. पुढे वाट नव्हती. खोलीत यंत्रे बंद होती, आणि बंद यंत्रांच्या खोलीत कुठून तरी अगदी बारीक, कोरडा आवाज येत होता. त्यांनी खाली पाहिले. त्यांचाच हात टेबलावरच्या माऊसवर होता. हलत होता.

तो तिथे केव्हा ठेवला हे त्यांना आठवेना.

६

त्या दिवशी ते दुपारच्या बसने घरी आले. आर्या खिडकीपाशी काम करत बसली होती. पाठीमागून येऊन त्यांनी तिच्या हाताखालचा माऊस ओढून घेतला. असे ते कधी वागले नव्हते. प्रयोग संपला, एवढेच त्यांनी सांगितले.

"संपला तर संपला, अप्पा. ओढायचं कशाला?" आर्याने खण उघडला आणि खोके बाहेर काढले. "ऑफिसातून आलाच आहे. सगळ्यांना दिलेत, परवा."

करड्या रंगाचा, साधा माऊस. खोक्यात घडी केलेला कागद होता. हात-चाचणी उत्तीर्ण, असे त्यावर छापले होते, आणि खाली बारीक अक्षरात तपासणाऱ्याची सही. ती त्यांनी लगेच ओळखली.

तो वापरू नकोस, असे त्यांनी सांगितले. का, हे तिने विचारले. जे सांगायचे ते त्यांना स्वतःलाच पुरते ठाऊक नव्हते. त्यांनी तिचा जुना, चिकट झालेला माऊस शोधून दिला. तिने त्यांच्या समाधानासाठी तो लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा तिच्या हाताखाली नवा होता. जुन्यावरून हात घसरतो, पकड बसत नाही, असे ती म्हणाली. यावरच बसते.

"ऑफिसात बोटाचं दार होतं ना," तिने सहज सांगितले, "ते काढून टाकलं. कुणाचंच बोट घेत नव्हतं. आता चेहरा दाखवायचा."

नंदकिशोरकडे ते त्याच दिवशी सकाळी जाऊन आले होते. अठरा हजार माऊस गेले होते; ते परत मागवा, असे त्यांनी सांगितले. नंदकिशोरने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "कंप्लेंट काय लिहू, काका? माऊस झिजत नाही म्हणून?"

दयानंदांनी सांगितले की हात-चाचणी झालीच नव्हती. तक्ता खोटा आहे. ही गोष्ट त्यांनी प्रथमच उच्चारली होती, आणि उच्चारल्यावर काहीतरी घडेल अशी त्यांची अपेक्षा होती.

"हे मी ऐकलं नाही," नंदकिशोर म्हणाला. "आणि खोटा कसा? तुम्ही घरी वापरायला नेलाय ना? आपल्याकडे टेबलावर पण आहे. नव्वद दिवस भरू द्या. निकाल तोच येणार आहे."

त्याने बाजूला पडलेले पेन उचलले. ते त्याच्या बोटांतून निसटले. पुन्हा उचलले, पुन्हा निसटले. तिसऱ्या वेळी त्याने ते दोन्ही हातांनी धरले, आणि त्यात वेगळे काही आहे असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही.

७

त्वचेच्या डॉक्टरांकडे आर्याला वीणाबाईंनीच नेले. आता त्याही कौतुकाने बोलत नव्हत्या. मऊ नाही हो, त्या म्हणाल्या होत्या; गुळगुळीत. डॉक्टरांनी आर्याचा हात उलटासुलटा केला, दिव्याखाली धरला. त्यांच्या कपाळावर आठी उमटली आणि गेली. कोरडेपणा, म्हणाले. मलम लिहून देण्यासाठी त्यांनी संगणकाकडे तोंड फिरवले आणि टेबलावरच्या माऊसवर हात ठेवला. माऊस नवा होता. करडा.

आर्याला दुखत नव्हते. तक्रार नव्हती. चहाचा पेला ती दोन हातांनी उचले, त्याचा चटका तिला लागत नसे, आणि हे सांगितले की ती दयानंदांकडे थोड्या कीवेने पाही, जसे हळव्या म्हाताऱ्यांकडे पाहतात.

एकाहत्तराव्या दिवशी सकाळी दयानंद तिच्या खोलीपाशी थांबले. ती अंथरुणात बसून, लहानपणी शिकवले होते तसे, तळहात उघडून पाहत होती. नमस्कार मात्र करत नव्हती. बराच वेळ पाहत राहिली होती.

"अप्पा," दाराकडे न पाहता ती म्हणाली, "हातात काय बघायचं असतं?"

ते उत्तर शोधू लागले. देव, रेषा, दिवसभराचे काम. ते जे सांगत आले होते ते.

"माझ्या हातात तोंड दिसतं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्यांनी कारखान्यातून ग्लॉस मीटर घरी आणला. कारखान्याची वस्तू घरी आणण्याचा हा दुसरा प्रसंग. प्रथम वीणाबाईंचा हात. आकडा दोन. मग स्वतःचा. चौदा. आर्याने काही न विचारता हात पुढे केला. त्यांनी उपकरण तिच्या तळहातावर टेकवले, जिथे अंगठ्याखाली व्रण होता तिथे. तळहात सपाट नसतो. उपकरण सपाट पृष्ठभागासाठी असते. आकडा भरवशाचा मानता येणार नाही. हे सगळे त्यांनी आकडा वाचण्यापूर्वी मनाशी म्हणून घेतले.

एक्केचाळीस.

विसाच्या वर नमुना बाद.

त्यांनी उपकरण उचलले. ते जिथे टेकले होते तिथे हातावर कसलीच खूण उमटली नव्हती. मग त्यांनी तिच्याकडून ओढून घेतलेला पहिला माऊस काढला, खिडकीपाशी आणला आणि तिरप्या उन्हात धरून भिंगाखाली पाहिला. इतके दिवस ते लेपावरचा ओरखडा शोधत आले होते. आज त्यांनी लेपाच्या आत पाहिले. खोलवर, पाण्याखाली दिसावे तसे, काहीतरी बारीक ओळींचे होते. ओळींवर ओळी, थरांवर थर. अंगठा टेकतो त्या बाजूला, सगळ्यांत वर, एक चंद्रकोर होती.

ऊन सरकले. त्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिले. करडा रंग. आकडा तीन पूर्णांक दोन.

८

पुढचे दिवस त्यांनी काही केले नाही असे नाही. वरच्या कार्यालयाला तीन पत्रे लिहिली. तिन्हींचे उत्तर एकच आले: आपल्या सहीचा तक्ता सोबत जोडला आहे, कृपया पाहावा. आर्याचा माऊस एरंडेलात टाकला, स्पिरिटात ठेवला, हातोडीने फोडला. तो फुटला, तर तिच्या कार्यालयाने दुसऱ्या दिवशी दुसरा पाठवला. चिक्कोडीला काही दिवस जाऊन राहू, असे त्यांनी वीणाबाईंना सुचवले. पण घरून काम करणाऱ्या माणसाचे काम त्याच्याबरोबर कुठेही जाते, आणि माऊस आर्याच्या पिशवीत होता.

जप सुटला नाही. आकडा मात्र उरला नाही. पेरांवरून अंगठा काचेवरून सरकावा तसा सरके, आणि नाम किती वेळा घेतले हे देवालाच ठाऊक असे. देव ते मोजत असेल, असे त्यांनी मानून घेतले. मानून घेण्याची त्यांना आता थोडी भीती वाटू लागली होती.

नव्वदाव्या दिवशी पहाटे त्यांनी कोरा तक्ता पुढे घेतला. पेन दोन्ही हातांनी धरावे लागले. यावेळी ते खरे लिहिणार होते. जे पाहिले तेवढेच, अक्षराने कमी नाही, अक्षराने जास्त नाही. दिवस: नव्वद. नमुन्यात बदल. त्यांनी खोलीतल्या टेबलावरचा माऊस आठवून पाहिला. ओरखडा नाही, मळ नाही, चकाकी तीन पूर्णांक दोन. लिहिले: नाही. वापरणाऱ्यांची तक्रार. आर्याने एकदाही तक्रार केली नव्हती. लिहिले: नाही. पुढचा रकाना त्यांनी शोधला. पुढे रकाना नव्हता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी पट्टी धरून तक्ता आखला होता, तिथेच शेवटची रेघ होती.

त्यांनी जुना तक्ता शेजारी ठेवला. माणसांचा आकडा आणि तारीख सोडली तर शब्दाला शब्द तोच होता. प्रायश्चित्त पुरे झाले होते. लिहिलेले खरे ठरले होते.

पूजा झाली. वीणाबाईंनी तीर्थ घेतले आणि त्या बाजूला झाल्या. आर्या पुढे आली, डोळे मिटले, उजव्या हाताची वाटी केली. दयानंदांनी पळीभर पाणी तिच्या तळहातावर सोडले.

अळूच्या पानावर पडावे तसे ते पडले. एकच थेंब झाला, गोल आणि पांढरा, हाताला न लागता क्षणभर डुलला, बोटांच्या फटीतून निसटून फरशीवर गेला. मागे ओल राहिली नाही. दयानंदांनी दुसरी पळी घातली. मग तिसरी. फरशीवर पाणी झाले. वीणाबाईंनी पदर तोंडाला लावला होता, आणि त्या भिंतीकडे पाहत होत्या.

आर्या तशीच उभी होती, डोळे मिटून, हात पुढे करून, वाट पाहत.

"घातलंत, अप्पा?" तिने विचारले.

दयानंदांनी हातातल्या रिकाम्या पळीकडे पाहिले.

"घातलं," ते म्हणाले. आणि ते खरे होते.

तिने कोरडा हात ओठांना लावला, आणि डोक्यावरून फिरवला.